सहा मिनिटांची वकिली

प्रिय नंदे,

अथेन्सला येऊन मी काय काय पाहिलं ते सगळं लिहीत बसत नाही. अ‍ॅक्रोपोलिसवर लोटलेली गर्दी तुला फोटोत दिसेलच. पण तू पडलीस वकील, म्हणून पायथ्याच्या अगोराबद्दल लिहिते. अगोरा म्हणजे जुन्या शहराचा चौक, बाजार नि कचेऱ्या, सगळं एकाच जागी.

तिथल्या संग्रहालयात कुंडीसारखं एक मातीचं भांडं आहे, बुडाशी बारीक नळी असलेलं. हे कोर्टातलं घड्याळ! आत सहा लिटरच्या वर पाणी मावतं आणि ते साधारण सहा मिनिटांत गळून जातं. पाणी संपलं की बोलणाऱ्यानं गप्प बसायचं. दाव्याची रक्कम मोठी असेल तर पाणीही जास्त मिळे. खासगी दाव्यात मधेच साक्ष किंवा कायद्याचं कलम वाचून दाखवायचं असलं, तर तेवढ्यापुरती धार थांबवत, म्हणजे तो वेळ पक्षकाराच्या बोकांडी बसत नसे. आणि ऐक, खटल्याचा निकाल त्याच दिवशी. ‘पुढची तारीख’ हा प्रकारच नाही.

वकीलही नाहीत म्हणा. आपली बाजू आपणच मांडायची. भाषण मात्र पैसे देऊन लिहून घेता येई. लिसियास यात नावाजलेला, पण तो परक्यांच्या घरातला, त्याला नागरिकत्व नव्हतं. तुझं तर काहीच चाललं नसतं, बाईच्या वतीनं घरातला पुरुष बोलायचा.

न्यायाधीशही नसे. तिशी ओलांडलेले नागरिक पंच म्हणून बसत, कधी २०१, कधी ५०१. कोण कुठल्या कोर्टात बसणार हे त्याच दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरे. मग आदल्या रात्री लाच द्यायची तरी कोणाला? मतदानाची युक्ती मला सगळ्यांत आवडली. प्रत्येकाला काशाच्या दोन चकत्या मिळत, मधोमध छोटी दांडी असलेल्या. एकीची दांडी पोकळ, ती वादीची. दुसरीची भरीव, ती प्रतिवादीची. दांडीची दोन टोकं अंगठा नि बोटाच्या चिमटीत धरली की कुठली चकती हातात आहे, ते शेजाऱ्याच्या बापाला कळायचं नाही. खरं मत काशाच्या भांड्यात, उरलेली चकती लाकडी भांड्यात. मत टाकल्यावरच तीन ओबोलांच्या भत्त्याचं टोकन हाती पडे. या भत्त्यासाठी कोर्टाला चटावलेल्या म्हाताऱ्यांची टिंगल करणारं अ‍ॅरिस्टोफेनिसचं नाटक इ.स.पू. ४२२ मधलं.

आता बाजाराकडे वळते. इथे सापडलेल्या एका शिळेवर इ.स.पू. ३७५-७४ चा कायदा कोरलाय. पेढ्यांच्या मेजांपाशी बसून चांदीची नाणी पारखायला सरकारी माणूस नेमलेला असे. आत तांबं किंवा शिसं निघालं की त्यानं नाणं तिथल्या तिथे कापायचं. हा पारखी होता गुलाम. कामावर बसला नाही, तर पन्नास फटके. अख्ख्या बाजाराचा भरवसा त्याच्या नजरेवर, आणि पंचांच्या यादीत त्याला जागा नाही. चकत्या पाहून मी इतकी हरखले होते, ते कौतुक इथे निम्म्यावर आलं.

तुझ्या त्या भाऊबंदकीच्या दाव्याचं काय झालं? की परत तारीख? कळव.

तुझी,
विजू