मिस्त्रीची मजुरी

गाडी गॅरेजमधून घरी आली की बिलावर चर्चा सुरू होते. सुट्या भागांच्या किमती आपण मुकाट्याने मान्य करतो, कारण त्या पाकिटावर छापलेल्या असतात. गाडे अडते ते मजुरीच्या आकड्यावर. ‘‘तासाभराच्या कामाचे एवढे पैसे?’’ हा सवाल घरोघरी ऐकू येतो. मजुरी वाढली आहे आणि ठरावीक कमाईवर चालणाऱ्या घराला तिचा भार जाणवतो, हे खरेच. पण ती का वाढली, याचा विचार आपण क्वचितच करतो.

माझा एक जुना विद्यार्थी दुचाकींचे गॅरेज चालवतो. आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा कोर्स, मग उस्तादाकडे शागिर्दी, असा त्याचा प्रवास. तो सांगतो, ‘‘सर, पूर्वी पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि कान यांवर धंदा चालायचा. कार्ब्युरेटर उघडून साफ करायचा, आवाज ऐकून ट्युनिंग करायचे.’’ 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर यांनी घेतली. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. तो त्याने हप्त्यावर घेतला आहे. गाळ्याचे भाडे वाढले, हाताखाली मुले टिकत नाहीत. पहिल्या आठवड्यापासून पैसे देणारे डिलिव्हरीचे काम त्यांना बरे वाटते. जी मुले राहतात, त्यांना नीट पगार द्यावाच लागतो. हा सगळा खर्च शेवटी त्या एका ‘मजुरी’ शब्दात येतो. मोठ्या वर्कशॉपच्या बिलात मजुरीवर 18 टक्के जीएसटीही असतो. तो मिस्त्रीच्या खिशात जात नाही.

आपल्या दीनने हाताच्या कमाईला मोठा मान दिला आहे. हजरत दाऊद (अ.स.) नबी आणि बादशाह असूनही लोखंडाची चिलखते घडवत आणि स्वतःच्या मेहनतीचे खात. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आपण सर्व जाणतो. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह फिर्यादी असेल, असेही हदीसमध्ये आले आहे. काम संपल्यावर, मिस्त्रीचे हात तेलाने माखलेले असताना ‘‘दोनशे कमी कर’’ म्हणून अडून बसणे या शिकवणीत कुठे बसते?

मात्र जबाबदारी एकाच बाजूची नाही. ग्राहकाची गाडी ही मिस्त्रीकडे अमानत असते. न बदललेल्या भागाचे पैसे लावणे, चांगला भाग खराब म्हणून सांगणे, हीदेखील मापात खोटच आहे. लोकांच्या वस्तू त्यांना कमी करून देऊ नका, हे हजरत शुऐब (अ.स.) यांनी आपल्या कौमला बजावले होते. ते गॅरेजलाही लागू आहे.

यावर उपाय फिकहमध्येच आहे. इजारा, म्हणजे मजुरीच्या करारात काम आणि मोबदला दोन्ही आधी स्पष्ट असावेत. म्हणून गाडी सोडताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणते काम, कोणते भाग, किती मजुरी. जास्तीचे काम निघाल्यास आधी फोन करायला सांगावे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. दर परवडत नसेल तर तेव्हाच बोलावे, दुसरीकडे विचारावे. घासाघीस करायची ती तिथे, काम सुरू होण्यापूर्वी.

आणखी एक. आज आपल्या कितीतरी घरांची चूल याच पान्यांवर पेटते. तरी मुलगा गॅरेजमध्ये जातो म्हणायला आई-वडील संकोचतात. हुनराची किंमत आपणच करणार नसू, तर उद्या आपली गाडी दुरुस्त करायला शिकलेला हात उरणार नाही. ठरलेली मजुरी पूर्ण द्यावी, वेळेवर द्यावी आणि सोबत दुआही द्यावी. बरकत दोन्ही घरांत येईल, इन्शाअल्लाह.