कुवेतमधले लोकरीचे मोजे

कुवेतच्या भट्टीत कुणी लोकरीचे मोजे मागितले तर तुम्ही हसाल. मीही हसले होते.

साल १९८४. आम्ही साल्मियात राहत होतो. मुलगी ११ वर्षांची. घरी 'फेम' आणि 'फ्लॅशडान्स' या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट आल्या आणि तिने हट्ट धरला, "आई, मला लेग वॉर्मर्स हवेत." म्हणजे तळवा नसलेला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा विणलेला मोजा. बॅले नाचणाऱ्या मुली सरावाच्या वेळी पोटऱ्या गरम राहाव्यात म्हणून तो घालत. सिनेमाने आणि जेन फोंडाच्या १९८२च्या व्यायामाच्या कॅसेटने त्याची फॅशन केली.

मी रागावले. "बाहेर ४५ डिग्री, आणि तुला लोकर? भरतनाट्यम् शिकतेस, घुंगरू पुरेत!" ती गप्प बसली.

नाचाचा वर्ग एका बाईंच्या घरी भरे. तिथे एअर कंडिशनर दिवसभर जोरात. एका रात्री मुलीच्या पोटरीत गोळा आला. तेल चोळताना माझ्या लक्षात आले, बाहेर ऊन असले तरी पोर नाचते ती गारठ्यातच. मग उरलेली तांबडी लोकर काढून विणायला बसले. लोकर संपली म्हणून एका मोज्याला वर करडा पट्टा आला. तिला तोच जास्त आवडला.

पुढे फॅशन गेली, मोजे ट्रंकेच्या तळाशी गेले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. सप्टेंबरात आम्ही बसने बगदादमार्गे अम्मानला निघालो. निघताना मुलीने ते मोजे पोटऱ्यांवर चढवले, आत माझ्या बांगड्या आणि तिचा शाळेचा दाखला खोवला, वरून सलवार. वाटेत सामानाची झडती झाली, पायांकडे कुणी पाहिले नाही. जॉर्डनच्या छावणीत रात्री वाळवंट गार पडले, तेव्हा तेच मोजे तिने धाकट्या भावाच्या पायांत घातले.

अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक भारतीय मायदेशी आणले. त्यांत आम्हीही होतो. घर, फ्रिज, घुंगरू सारे मागे राहिले. मोजे मात्र आले.

परवा नात म्हणाली, "आजी, लेग वॉर्मर्सची फॅशन पुन्हा आलीय. विणून देशील?"

या वेळी मी हसले नाही. सुया काढल्या.