तसबिरीची मागची बाजू

तसबीर एकदा भिंतीवर लागली की तिची मागची बाजू पुन्हा कुणी बघत नाही. आमच्या धंद्यातली बहुतेक लबाडी तिथेच खपते. समोरून सागवानी दिसणारी पट्टी मुळात फायबरची असते. काचेआड चित्राभोवती पुठ्ठ्याचं सुबक माउंट दिसतं, पण चित्र फेविकॉल फासून थेट हार्डबोर्डला चिकटवलेलं असतं. मागे ब्राऊन पेपर असा ताणून बसवलेला, की उघडून बघायचं कुणाच्या मनातही येऊ नये. काही पावसाळे गेले की चित्रावर तपकिरी ठिपके उमटतात आणि खापर हवेवर फुटतं.

पुण्यात पेठेतल्या एका वाड्याच्या रस्त्याकडच्या खोलीत माझं दुकान आहे. पट्ट्या, काचा, कापायचं टेबल आणि मी. जुनी छापील चित्रं, कॅलेंडरं, तसबिरी घ्यायच्या, निगुतीनं नीट करायच्या आणि विकायच्या हे एक काम. लोकांनी आणलेल्या चित्रांना फ्रेम करून देणं हे दुसरं. नवीन गिऱ्हाईक अजूनही आत डोकावून विचारतं, “मालक नाहीत का?” हातातली करवत बाजूला ठेवून मी म्हणते, “बोला, मीच.”

गिऱ्हाईकाला सहसा कळत नाही तो फुटाचा हिशेब. समजा बारा बाय अठरा इंचाचं चित्र आहे आणि चारी बाजूंनी दोन इंच माउंट ठेवायचं आहे. म्हणजे आकार झाला सोळा बाय बावीस, परिमिती शहात्तर इंच. पट्टी इंचभर रुंद असेल तर चार कोपरे पंचेचाळीस अंशांत कापताना आणखी आठ इंच जातात. एकूण चौऱ्याऐंशी इंच, म्हणजे बरोबर सात फूट. हेच काम कुणी नऊ फुटांचं सांगितलं तर विचारणार कोण? मी आकडेमोड बिलाच्या मागेच करते आणि पट्टी सागाची आहे की फायबरची तेही लिहिते. फायबर वाईट नाही. परीक्षेच्या प्रमाणपत्राला सागवान कशाला हवं? पण सागाच्या भावात फायबर देणं, याला मी चोरीच म्हणते.

चित्र मी कधीच पूर्ण चिकटवत नाही. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या, त्याही गव्हाच्या खळीनं लावलेल्या, म्हणजे उद्या कुणाला चित्र सोडवायचं झालं तर पाण्याच्या बोटानं सुटावं. काच आणि चित्र यांच्यात माउंटच्या जाडीइतकी फट राहते. जुने फोटो काचेला टेकलेले असले की दमट हवेत काचेलाच चिकटतात, मग सोडवताना चेहरा काचेवर राहतो. अशा फोटोला मी हात लावत नाही. आधी आहे तसा स्कॅन करून घ्या, एवढंच सांगते. त्याचे पैसे मला मिळत नाहीत.

खरी कसोटी लागते ती विक्रीत. ‘ओरिजिनल रवि वर्मा आहे का?’ हा प्रश्न महिन्यातून कितीतरी वेळा येतो. राजा रवि वर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. रवि वर्मा 1906 मध्ये वारले, पण त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती त्यानंतरही अनेक वर्षं छापल्या जात होत्या. त्यामुळे खाली छापखान्याचं नाव आहे एवढ्यावरून चित्र त्यांच्या हयातीतलं ठरत नाही. भिंगाखाली बरंच कळतं. दगडावरच्या छपाईत रंगाचे दाणे वेडेवाकडे, खडूनं टिपल्यासारखे दिसतात. ऑफसेटमध्ये ठिपक्यांची शिस्तशीर जाळी असते. आणि चहाच्या पाण्यात बुडवून पिवळ्या केलेल्या इंकजेट प्रतीवर नुसते बारीक शिंतोडे. मी भिंग गिऱ्हाईकाच्याच हातात देते. निम्मी गिऱ्हाइकं तिथेच परततात.

एक गोष्ट मात्र डोक्यात जाते. चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीवर शीर्षक आणि छापखान्याचं नाव असतं, आणि फ्रेमवाले ती पट्टी कापतात. का, तर तयार फ्रेममध्ये बसत नाही! चित्राचा जन्मदाखलाच कात्रीखाली जातो. दुसरी तसलीच खोड दिवाळी अंकांची. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांना आता बरी मागणी आहे, म्हणून आख्खा अंक फाडून मुखपृष्ठ तेवढं काचेत घालतात. सुटं झालेलं मुखपृष्ठ आलं तर मी घेते. धड अंक फाडत नाही, तो वाचणाऱ्याला विकते, पैसे कमी मिळाले तरी.

काही गोष्टी मी विकतच नाही. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही. त्यामुळे मूर्ती, पोथ्या आणि शंभरी गाठलेलं वाटणारं चित्र आलं की, “फ्रेम करून देते, घरात ठेवा,” असं सांगते. एका पाडायला काढलेल्या वाड्यातून जरी-टिकल्यांनी सजवलेली लक्ष्मी आली होती. मालकांचा पुतण्या म्हणाला, “ताई, सगळ्या फ्रेमा मिळून पाचशे द्या आणि न्या.” मी त्याच्यासमोर एकेक फ्रेम उघडली आणि कुठल्या चित्राचं बाजारात काय येईल ते सांगितलं. लक्ष्मी त्यांनी घरातच ठेवली आणि फ्रेम माझ्याकडून करून घेतली. बाकीची कॅलेंडर-चित्रं मी घेतली, मला जो भाव येईल असं वाटलं त्याच्या निम्म्यात. निम्मा का? भाडं, काच, माझा हात आणि कधीच न विकला जाणारा माल, हे सगळं उरलेल्या निम्म्यातून निघतं. कुणाला थांबायची तयारी असेल तर विक्रीनंतर सत्तर टक्के देते. जुन्या बाजारातल्या ओळखीच्या लोकांना हा वेडेपणा वाटतो. ते काच, लाकूड, कागद वेगळं करून वजनावर घेतात, मग चित्र कोण जपणार?

फ्रेम मालकासमोर उघडायची, हा नियम मी फार काटेकोरपणे पाळते. मागच्या पुठ्ठ्याआड काय काय निघतं! दुसरं चित्र, कुंडली, बँकेची पावती, 1950 च्या आसपासचं वर्तमानपत्र. जे निघेल ते घराचं. एकदा लग्नाचा एक मोठा ग्रुप फोटो निघाला. मालकांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “कोण आहेत कुणास ठाऊक, टाकून द्या.”

आणि नेमक्या अशाच फोटोंना आज गिऱ्हाईक आहे. ‘अस्सल पुणेरी’ म्हणवणाऱ्या हॉटेलांना भिंतीवर पगडीवाले आणि नऊवारीतल्या बायका हव्या असतात. एका सजावटकारानं मला ढीगभर मागितले होते, वर बिलावर ‘अँटिक’ लिहून हवं होतं. मी नवीन छापलेली देवादिकांची चित्रं देऊ केली, प्रत्येकामागे ‘नवी छपाई’ असं लेबल लावून. त्याला लेबलच नको होतं. तो गेला, आणि मोठं काम गेलं म्हणून मला दोन दिवस वाईटही वाटलं, का खोटं बोलू? पण कुणाच्या तरी पणजीच्या फोटोखाली बसून लोकांनी मिसळ खावी आणि त्याचे पैसे माझ्या गल्ल्यात यावेत, हे काही मला जमायचं नाही. तो ग्रुप फोटो एका जाड पाकिटात, घराचा पत्ता लिहून, माझ्या कपाटात आहे. कुणी विचारायला आलं तर फुकट मिळेल.

वाडा पाडायला निघाला असेल किंवा फ्लॅट रिकामा करत असाल तर तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तसबिरी वजनावर घालण्याआधी मागचा पुठ्ठा स्वतः उघडून बघा. चित्राची खालची पट्टी कुणालाही कापू देऊ नका. आणि घरात कुणी जाणतं माणूस असेल, तर आजच शेजारी बसवून प्रत्येक फोटोच्या मागे नावं लिहून घ्या. मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.