मजकुराच्या पोटातील खुणा

विज्ञानविषयक नियतकालिकांतील लेख एका रूपातून दुसऱ्या रूपात उतरवून देण्याच्या व्यवसायात राहिल्यामुळे एक गोष्ट माझ्या मनात पक्की ठसली आहे, ती ही की वाक्याच्या पोटात बसलेली खूण हा मजकुराचा अलंकार नसून त्याच्या अर्थाचाच अंश असतो. जाट्स या नावाने रूढ असलेल्या टॅगसंचात लेख बांधलेला असला, म्हणजे १० या आकड्यामागून ‘सप’ हा घातांकाचा टॅग येतो, त्याच्या आत ६ बसतो, आणि दोन्ही मिळून दहा लक्ष पेशींचे विधान होते. तो टॅग गळाला तर अक्षर एकही हरवत नाही, परंतु दहा लक्षांचे एकशे सहा होतात, आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

या अनर्थाचे मूळ बहुधा ‘व्हॅल्यू-ऑफ’ या आज्ञेत सापडते. जेम्स क्लार्क यांनी संपादिलेल्या आणि १९९९ च्या नोव्हेंबरात प्रमाण म्हणून मान्य झालेल्या एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेत ही आज्ञा आहे. ती घटकाखालची सारी अक्षरे एका ओळीत जोडून देते आणि आत कोणते टॅग होते याचा दाखलाही मागे ठेवीत नाही. उलट ‘कॉपी-ऑफ’ सगळी शाखा जशीच्या तशी उचलते, त्यामुळे जाट्समधला ‘इटॅलिक’ एचटीएमएलमध्येही त्याच नावाने जातो, ब्राउझरला ते नाव अपरिचित असते, आणि एश्चेरिकिया कोलाय हे जंतूचे नाव तिरपे न होता सरळच छापले जाते.

खरा मार्ग ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’चा. त्यात कोणती खूण कोठे येणार हे स्टाइलशीट, म्हणजे रूपांतराची नियमावली, आधी ठरवीत नाही. मूळ लेख ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने अक्षरे आणि टॅग पुढे येतात, प्रत्येकाला त्याचा नियम भेटतो, आणि तिरप्या नावाच्या आत घातांक, त्याच्या आत आणखी एखादी खूण, अशी कितीही खोल गुंफण असली तरी ती उसवत नाही. मात्र ज्या टॅगासाठी नियमच लिहिलेला नाही, त्याच्या बाबतीत अंगभूत शिरस्ता असा की टॅग टाकून द्यावा आणि अक्षरे पुढे सोडावी. हा शिरस्ता मला अत्यंत घातक वाटतो, कारण त्यात हानी होते आणि तक्रार होत नाही. दस्तऐवज त्याच टॅगसंचात राहणार असेल, तर तळाशी सर्व काही बरहुकूम नकलणारा नियम ठेवावा व बदलायचे तेवढ्यापुरतेच स्वतंत्र नियम लिहावे, हे उत्तम. एक्सएसएलटीच्या २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर त्यासाठी ‘शॅलो-कॉपी’ची एक घोषणा पुरते. टॅगसंचच बदलत असेल, तर मी तळाशी असा नियम ठेवतो की अनोळखी टॅग भेटताच त्याचे नाव पुकारून काम थांबावे.

यानंतर रुजवात. मूळ लेखातले ‘सप’ आणि ‘इटॅलिक’ मोजावे, उतरलेल्या प्रतीतले त्यांचे प्रतिरूप मोजावे, स्टाइलशीटने संदर्भांकांसाठी स्वतः घातलेले वजा करावे, आणि संख्या जुळल्यावाचून लेख पुढे सोडू नये. मोकळी जागा मात्र या मोजणीत येत नाही: मोकळ्या जागा काढणारी ‘स्ट्रिप-स्पेस’ ही आज्ञा सरसकट सर्व घटकांना लावली, की एक तिरपा शब्द आणि त्यालगतचा ठळक शब्द यांमधली एकुलती एक मोकळी जागा नाहीशी होते आणि दोन शब्द एकमेकांना चिकटतात. म्हणून परिच्छेद आणि शीर्षके त्या आज्ञेतून मी नावानिशी वगळतो, आणि तरीही शीर्षके एकदा डोळ्यांखालून घालतो.