पट्ट्याच्या जरा वर

मोंटानातला एल्कच्या शिकारीचा मोसम सरला. .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या म्हणून पुसून टेबलावर मांडल्या आहेत. बुडाशी पितळेचा तो जाड पट्टा. हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली .३७५ काडतूस काढलं, तेव्हा त्याचा खांदा फारच उतरता होता. चेंबरमध्ये ते नेमकं अडावं म्हणून पट्टा लागला. १९६३च्या या .३०० काडतुसाला चांगला ठसठशीत खांदा आहे. पट्टा नुसता वारशाने आला, आणि मला तो तरीही आवडतो.

पुंगळी पुन्हा आकारात आणणारी डाय पार खाली आणून खांदा मागे रेटत राहिलं, तर दर बाराला पितळ ताणतं आणि पट्ट्याच्या जरा वर भिंत आतून पातळ होते. बाहेरून पुंगळी लखलखीत. म्हणून मी खांदा जेमतेम दोन हजारांश इंच मागे सारतो. मग टोक वाकवलेली बारीक तार आत घालून हळूच वर ओढतो. खाच असली तर बोटांना कळते.

उन्हाळ्यात माझ्या मनगटातून अशीच एक तार हृदयापर्यंत गेली होती. तेव्हापासून या कामात हात जास्त रेंगाळतो. भीती म्हणावी, तर तशी नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या झिजेबद्दल एक आस्था वाटू लागली आहे, एवढं खरं.

एका पुंगळीत तार अडल्यासारखी वाटली. पुन्हा ओढली तर नाही. ती बाजूला काढली आहे. उद्या करवतीने उभी चिरून बघेन.