आचारी एकच

भावाभावांत भांडण लागायला वडिलोपार्जित जमीनच लागते असं नाही. आमच्या नातवांना एक प्रोसेसर पुरला.

2006 सालचा नोव्हेंबर महिना. मी आणि आमच्या सौ. न्यू जर्सीला मुलीकडे मुक्कामाला होतो. थोरला नातू 12 वर्षांचा, धाकटा 9 चा. मुलीने जाहीर केलं होतं, "घरात खेळाची पेटी एकच येईल. कोणती, ते दोघांनी मिळून ठरवा." यातला ‘मिळून’ हा शब्द सोडून बाकी सगळं त्यांनी मान्य केलं. थोरल्याला सोनीचं प्लेस्टेशन 3 हवं, धाकट्याला मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स 360. दोघांचं बोलणं बंद. जेवताना ‘मीठ दे’ हा निरोपसुद्धा माझ्यामार्फत जाऊ लागला. शेवटी प्रकरण माझ्याकडेच निवाड्याला आलं. सरकारी कचेरीत 33 वर्षं काढल्यावर माणसाला काही कळो न कळो, दोन्ही बाजू ऐकून घेण्याची सवय झालेली असते.

"आजोबा, सोनीच्या पेटीत ‘सेल’ आहे," थोरला म्हणाला. "एक मुख्य प्रोसेसर आणि हाताखाली आठ!"

"आणि माझ्या पेटीत तीन आहेत. तिन्ही मुख्यच!" धाकटा म्हणाला.

रात्री जावईबापूंनी हे सारं मला उलगडून सांगितलं आणि मी ते लग्नाच्या मुदपाकखान्यात नेऊन समजून घेतलं. सेल म्हणजे एक आचारी आणि आठ वाढपी. पैकी एक वाढपी जन्मतःच रजेवर. कारण कारखान्यात आठांतला एखादा बिघडलेला निघाला तरी चिप फुकट जाऊ नये, म्हणून सातच कामाला धरायचे. आणखी एक यजमानाच्या घरकामाला राखून ठेवलेला. पंगतीला उरले सहा. त्या प्रत्येकाच्या हाती 256 किलोबाइटची वाटी. मोठ्या पातेल्यात थेट डाव घालायची सोय नाही. आधी वाटीत काढून घ्यायचं, मग वाढायचं. हे नीट जमलं तर पंगत झरझर उठते. नाही जमलं तर वाढपी नुसतेच वाटी घेऊन उभे. एक्सबॉक्समध्ये मात्र तीन सारखे आचारी, एकाच ओट्याशी. थाट कमी, पण खेळ लिहिणाऱ्याच्या डोक्याला ताप कमी.

"आणि हे दोन्ही बनवले कोणी?" मी सहज विचारलं.

"आयबीएमनं," जावईबापू म्हणाले. "सेल सोनी, तोशिबा आणि आयबीएमनं मिळून बनवला. त्यासाठी 2001 साली ऑस्टिनला केंद्र काढलं. आणि ते काम चालू असतानाच आयबीएमनं मायक्रोसॉफ्टचंही काम घेतलं."

मी उडालोच. म्हणजे मांडवात व्याही-व्याही एकमेकांची तोंडं बघत नाहीत आणि आत आचारी एकच! दोन्हींचा वेग 3.2 गिगाहर्ट्‌झ, दोन्हींचं कूळ पॉवरपीसी. सकाळी मी हे मोठ्या विजयी मुद्रेने नातवांना ऐकवलं. परिणाम तात्काळ झाला. दोघांची एकी झाली. माझ्याविरुद्ध.

तिढा सोडवला तो किमतीने. प्लेस्टेशन 599 डॉलर. मी मनातल्या मनात रुपये केले, 27 हजारांच्या आसपास आले आणि मला पाणी मागावं लागलं. निन्टेन्डोची वी नावाची पेटी 249 डॉलरला होती. तिचा प्रोसेसर सगळ्यांत अशक्त, वेग जेमतेम 729 मेगाहर्ट्‌झ. आणि तोही आयबीएमचाच! पेटीसाठी पहाटे थंडीत रांग लावावी लागली. कानटोपी घालून मीच गेलो. प्रोसेसर हा माझा प्रांत नव्हे, पण रांग आहे. रेशनचं रॉकेल आणलेला माणूस मी.

नातवांनी तोंडं वाकडी केली. पण संध्याकाळी आमच्या सौ.नी पदर खोचून, रिमोट हातात घेऊन बोलिंगमध्ये दोघांनाही हरवलं आणि मीठ पुन्हा टेबलावरून थेट जाऊ लागलं. पुढे जगातही तेच झालं. वी 10 कोटींच्या वर खपली. त्या दोन पहिलवानांना 9 कोटीही गाठता आले नाहीत.

2013 साली तर दोन्ही व्याह्यांनी आचारी बदलला आणि पुन्हा एकच निवडला, एएमडी! 2020 च्या पेट्यांतही तोच. पुढच्या पिढीसाठीही मायक्रोसॉफ्टने जून 2025 मध्ये त्याच्याशीच करार जाहीर केला; सोनीचंही पुढचं काम त्याच्याच सोबत चालू आहे. निन्टेन्डो तेवढा 2017 पासून मोबाइल फोनच्या बोलीत, एआरएममध्ये बोलतो.

या बदलात थोरला मात्र पोळला. त्याने पैसे साठवून पुढे प्लेस्टेशन 3 घेतलंच होतं. त्या डिस्का नव्या पेटीत चालेनात. प्रत्येक प्रोसेसरची आज्ञांची बोली निराळी, त्यात सेलच्या वाढप्यांची तर आणखीच निराळी. ती जाणणारं नव्या घरात कोणी उरलं नाही. एक्सबॉक्सवाल्यांनी 2015 साली नव्या पेटीत एक दुभाष्या बसवला. तो जुनी आज्ञा ऐकतो, नव्या बोलीत करून सांगतो आणि बरेच जुने खेळ चालतात.

हे ऐकल्यापासून मी जरा सावध झालो आहे. माझी बोलीही जुनीच. नातू दर रविवारी व्हिडिओवर भेटतात. मी मराठीत विनोद करतो. दोघं गंभीर चेहऱ्याने बघत राहतात; आत दुभाष्याचं काम चालू असतं. मी मनात आकडे मोजतो. एक... दोन... तीन...

गेल्या रविवारी थोरला तिसऱ्या आकड्याला हसला. धाकटा पाचव्याला.

पण हसला. खेळ अजून चालतो आहे म्हणायचा.