दिवेलागणीचा पडदा

चातुर्मासात आमच्या घरी पालेभाजी बंद. निदान घरचा टोमॅटो तरी हाताशी असावा, असं गेल्या वर्षी मनात आलं आणि बेळगावच्या आमच्या गच्चीवर आठ पिशव्यांत बुटक्या जातीची रोपं लावली. 'पुसा अर्ली ड्वार्फ'सारख्या या जाती उंच जात नाहीत, झुडपासारख्या पसरतात. उंच वाढणाऱ्या टोमॅटोची बगलफूट खुडतात, तशी यांची खुडायची नसते. त्या फांद्यांवरच तर फळ धरतं.

फळं धरली आणि अळी आली. हिरव्या फळाला गोल भोक, अर्धी अळी आत, अर्धी बाहेर. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी पानासकट अळी उचलायच्या आणि परसातल्या गवतात सोडून यायच्या. मला तेवढा दम कुठला! एक दिवस त्या देवळात गेल्या असताना मी औषध आणून फवारलं. दुसऱ्या दिवशी पिशव्यांखाली पडलेल्या अळ्या त्यांनी पाहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून ताटातला टोमॅटो बाजूला काढून ठेवू लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं!

यंदा ठरवलं, अळीच येऊ द्यायची नाही. कामट्या वाकवून, वर जाड प्लास्टिक घालून छोटं हरितगृह केलं. चारी बाजू बंद. पानांवर पाऊस नाही, की करपा नाही. रोपं काय तरारली! पण फुलं यायची, पिवळी देठं वाळून गळायची. मी खत दिलं, पाणी वाढवलं. फळाचा पत्ता नाही.

एक दिवस आत्ती वाकून आत आल्या. "आत वारं कुठाय गं? भुंगा कुठं दिसतोय?"

टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं खरं, पण तो पराग झडायला फूल हलावं लागतं. बाहेर ते काम वारा करतो, गुणगुणणारा भुंगा करतो. अळीसाठी लावलेलं दार मी भुंग्यालाही लावलं होतं. शिवाय ऊन पडलं की आत भट्टी.

"पण आत्ती, उघडं ठेवलं की अळी येणारच."

"अंडी घालणारी पाकोळी रात्रीची फिरते. दिवसा उघडं ठेव, दिवेलागणीच्या आधी पडदा सोड. आपली जेवणं आटपतात ना, तेव्हाच."

तेव्हापासून तसंच चाललंय. सकाळी दहाच्या सुमाराला मी फुलांच्या देठांना हलकी टिचकीही मारते. तरी एखादी अळी सापडतेच. आता मीच तिला पानासकट खाली नेऊन सोडते. पहिल्यांदा हात थरथरला, खोटं कशाला सांगू?

बुटक्या झाडांची फळं थोड्याच दिवसांत, जवळजवळ एकदम पिकतात. पहिली टोपली उतरवली त्या दिवशी शेंगदाण्याचं कूट घालून चटणी केली. ताट वाढलं आणि आत्तींच्या हाताकडे बघत बसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला.

"मीठ जरा कमी पडलंय," म्हणाल्या.

आणि परत वाढायला सांगितली.